वरमायेचं तोंड

संतपूरच्या बाणूबाईचं तोंड रडकं होतं आणि बाई मुळीच रडकी नव्हती. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

तरुणपणी ती अशी दिसत नव्हती. त्र्याण्णव साली मेंढरांवर घर भागेना, तेव्हा एकुलत्या रविकुमारला जावेच्या पदरात टाकून ती हैदराबादेला गेली आणि पंधरा वर्षं तिनं इमारतींवर घमेली वाहिली. नवरा तुळजाराम मेंढरांमागं राहिला. त्याला मेंढरांखेरीज दुसरं काही येत नव्हतं आणि हे तो मोकळेपणानं सांगायचा. बाणूबाई मात्र शेवटी शेवटी वीस बायांची मुकादम झाली होती. शेवटच्या वर्षी तिला कावीळ झाली. अंगावरचं मांस उतरलं, चार दाढा गेल्या, आणि गाल जे खाली आले ते आलेच. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना कातडं लोंबायला लागलं, ओठांची टोकं खाली ओढली गेली. आता ती पोट धरून हसली तरी समोरचा विचारायचा, "काय झालं गं अक्का? बरं हाय न्हवं घरी?"

गावानं याचा फायदाही करून घेतला. कुणाकडं मयत झालं की बायका बाणूबाईला ओढून पुढं बसवायच्या. मेलेल्याशी तिचं काही देणंघेणं नसलं तरी तिच्याकडं नुसतं बघून पाहुण्यांना गहिवर यायचा. बारशाचा, हळदीचा निरोप मात्र तिला सगळ्यांच्या मागून यायचा. बाणूबाईला हे कळत नव्हतं असं नाही. पण तिचं त्यावाचून काही अडलं नव्हतं, म्हणून ती गप्प होती.

अडलं ते रविकुमारच्या साखरपुड्यात.

दोन हजार नऊची दिवाळी नुकतीच झाली होती. रविकुमार तोवर हैदराबादेत भाड्याची गाडी चालवायला लागला होता आणि त्याला हुलसूरची मनीषा सांगून आली होती. जीपमधून जाताना बाणूबाईला वाटेत दोनदा उलटी झाली. हुलसुरात उतरल्या उतरल्या तिनं हापशावर खसाखसा तोंड धुतलं, त्यात कपाळावरचं कुंकू गेलं. कुंकवाची डबी जावेच्या पिशवीत, आणि जाऊ भागम्मा तर केव्हाच मांडवात जाऊन बसलेली. भागम्मा अंगानं भरलेली, तोंडाची तिखट, आणि नवी साडी असली की कुणासाठी थांबायची नाही.

बाणूबाई तशीच पदर घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसली. मुलीची आई कमलबाई कुंकवाचं ताट घेऊन पाहुण्या बायकांच्या रांगेतून येत होती. बाणूबाईसमोर ती वाकली, तिनं बोट पुढं केलं, तिचं तोंड पाहिलं, मोकळं कपाळ पाहिलं आणि चटका बसल्यागत हात मागं घेतला. मग पुढं सरकून भागम्माच्या कपाळाला कुंकू लावत म्हणाली, "वरमाय तुम्हीच न्हवं?" भागम्मा "नव्हं नव्हं, मी चुलती" म्हणेपर्यंत नारळ आणि खण तिच्या ओटीत पडलेसुद्धा.

तेवढ्यात पलीकडची एक म्हातारी बाणूबाईच्या गुडघ्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, "कधी गेले बाई तुमचे मालक?"

"कुठं जातेत?" बाणूबाई म्हणाली. "ते काय तिथं, बशीत चहा वतून प्यायलेत."

सगळा मांडव हसला. कमलबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं दहादा माफी मागितली, बाणूबाईला रुपयाएवढं कुंकू लावलं, दुसरी ओटी भरली. रविकुमारही येऊन म्हणाला, "जाऊ दे की आई, चुकून झालं."

पण तो मागं गेलेला हात बाणूबाईच्या डोक्यातून जाईना. तिला राग आला होता. वाईट वाटलं असतं तर ती चार दिवसांत विसरली असती, पण हा सरळ राग होता. जिवंत नवऱ्याची बायको मी, जिवंत पोराची आई, पंधरा वर्षं उन्हात जळून हे घर उभं केलं, आणि माझ्याच पोराच्या साखरपुड्यात मी लोकांना अपशकुन दिसते? परतीच्या वाटेवर भालकी आल्यावर ती म्हणाली, "रव्या, लग्न कधी धरलंय?"

"मे महिन्यात."

"तवर मला हे तोंड नीट करून घ्यायचंय. चूक त्या बाईची न्हाई, तोंडाची हाय."

तोंड नीट करता येतं हे तिला ठाऊक होतं. तिनं माल वाहिलेल्या शेवटच्या इमारतीत तोंडाचं ऑपरेशन करणारा दवाखाना निघाला होता, आणि काम संपल्यावर दोन महिने तिनं तिथं झाडलोट केली होती. ओढणीनं तोंड झाकून येणाऱ्या बायका महिन्यानं उघड्या तोंडानं यायच्या, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

घरात हलकल्लोळ झाला. रविकुमारला तर कुठं तोंड लपवू असं झालं. "लोक म्हणतील, पोराच्या लग्नात आईला नटायचं सुचलंय. कामून करायलीस हे?" भागम्मा दारातूनच ओरडली, "आधीच काय कमी तोंड वर करून बोलतीस, ते आणि वर उचलून आणायलीस व्हय!" यावर बाणूबाईही हसली, आणि अर्थातच ती रडतेय असं शेजारच्यांना वाटलं.

तुळजाराम तेवढा म्हणाला, "मला तर तू बरीच दिसतीस."

"तुमचा चष्मा कुठंय?"

"मेंढरानं तुडवला की, दिवाळीत."

"मग बोलू नका."

खर्चाचा प्रश्न तिनं एका दिवसात मिटवला. स्वतःच्या मजुरीतून घेतलेली मेंढरं तिनं वेगळी खूण करून ठेवली होती, ती विकली. उरला गोंदणाचा प्रश्न, आणि तो साधा नव्हता.

बाणूबाईच्या दोन्ही गालांवर, कानाच्या पुढं दोन बोटांवर, पाच-पाच हिरवे ठिपके होते. सात वर्षांची असताना आईनं गोंदून घेतलेले. तिच्या माणसांत असं मानतात की बाई मेली की साडी इथं राहते, सोनं लेकी-सुना घेतात, सोबत जातं ते फक्त गोंदण. वर गेल्यावर तेवढं दाखवायचं. भागम्मानं डोळे मोठे करून विचारलं, "त्या डाक्टरनं गोंदण कापलं तर? वर काय दाखवशील, गं?" बाणूबाई गालाला बोट लावून ठिपके मोजत बसली.

जानेवारीत ती, तुळजाराम आणि रविकुमार हैदराबादेला गेले. दवाखान्याच्या दारात वॉचमननं तिच्या लुगड्याकडं आणि तुळजारामच्या खांद्यावरच्या घोंगडीकडं पाहून मागच्या दाराकडं बोट केलं. "कामवाली उधर से."

"इसका तिसरा स्लॅब मैं चढाई," बाणूबाई म्हणाली. "इधर से ही जातूं." आणि ती गेली. तुळजाराम मात्र उगीच भांडण नको म्हणून खाली पायरीवर बसून राहिला.

डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या, तेलुगू वळणाचं हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी बाणूबाईचं तोंड हातात धरून इकडं तिकडं वळवलं, गाल चिमटीत घेऊन सोडला, आणि काय पाहिजे ते विचारलं. बाणूबाईनं सांगितलं, "जवान नहीं होना मेरेकू. मैं रोती नहीं, इतना दिखना. बस."

डॉक्टरबाईंनी तीन प्रकार सांगितले. पहिला धाग्याचा. सुईनं कातड्याखाली धागे ओवायचे आणि गाल वर ओढून ठेवायचे. कापाकापी नाही, चार-पाच दिवसांत माणूस कामाला, पण वर्ष-दीड वर्षात सगळं पुन्हा खाली. दुसरा मिनी. कानाच्या पुढं लहान चीर, थोडं कातडं ओढून टाके. याला भूल कमी, सूज कमी, पण हनुवटीजवळचं लोंबणं अर्धंच जाणार आणि मान तशीच राहणार. तिसरा फुल. कानाच्या पुढून खाली, वळसा घेऊन मागं केसांपर्यंत चीर. वरचं कातडं सोडवून घ्यायचं, खालचा थर ओढून घट्ट करायचा, मग उरलेलं कातडं कापून शिवायचं. आठ-दहा वर्षं टिकेल. पण चार-पाच तासांचं ऑपरेशन, तीन आठवडे सूज, कानाजवळ काही महिने बधिरपणा, आणि क्वचित एखादी नस दुखावली तर तोंड वाकडं व्हायची भीती.

बाणूबाईनं सगळं ऐकून घेतलं. इमारतीवर ज्यानं आयुष्य काढलं त्याला हे समजायला काय लागतं? धागा म्हणजे चुना मारणं, मिनी म्हणजे वरून गिलावा, आणि फुल म्हणजे आधी भिंत सरळ करणं.

"आणि हे ठिपके?" तिनं गालाला बोट लावलं.

डॉक्टरबाईंनी आरशासमोर तिला बसवलं आणि बोटांनी गाल वर ओढून दाखवला. धाग्यात ठिपके राहतील. मिनीत कानाला चिकटतील, पण राहतील. फुलमध्ये नेमकं तेच कातडं जादा होऊन कापलं जाईल. दोन्ही बाजूंचं. मग त्या समजुतीनं म्हणाल्या की बऱ्याच बायका गोंदण काढायलाच येतात, तुमचं आपोआप निघेल, बरंच झालं.

बाणूबाईला ते बोलणं आवडलं नाही. ती आरशात बघत राहिली. तिला तो दिवस आठवला. दोन मावश्यांनी हात धरले होते, आईनं डोकं मांडीत दाबून धरलं होतं, गोंदणारीण सुया टोचत होती आणि ती गुरासारखी ओरडत होती. ओरडून घसा बसला तरी कुणी सोडलं नाही. नंतर आईनं तिला गुळाचा खडा दिला आणि ठिपक्यांवर हळद लावता लावता स्वतःच रडली. आईची दुसरी कुठली वस्तू तिच्याजवळ नव्हती. फोटोसुद्धा नव्हता. हे दहा ठिपके होते.

रविकुमारला तिची घालमेल दिसली आणि त्यानं संधी साधली. "आई, धाग्याचं कर. गोंदण बी राहील. आणि कुणाला कळणार बी न्हाई. लग्नात जरा बरी दिसशील, मग हळूहळू जाईल उतरून. कुणी विचारणार न्हाई की कुणी बोलणार न्हाई."

डॉक्टरबाईंनीही मान डोलावली. "हौ अम्मा, किसीको पता नहीं चलेगा."

इथं त्या दोघांची चूक झाली. "कुणाला कळणार नाही" हे ऐकलं आणि बाणूबाईचा तो साखरपुड्यातला राग परत वर आला.

"कळू दे की," ती म्हणाली. "कळायलाच करायलेय मी. चोरी केल्यागत कामून करू? घमेलं चोरून वाहिलं व्हय मी? भर रस्त्यात वाहिलं, सगळ्या जगानं बघितलं. वर्षभरासाठी तोंड उसनं आणून पुन्हा त्याच रडक्या तोंडानं मयताला पुढं बसू? मला न्हाई बसायचं." मग डॉक्टरबाईंकडं वळून म्हणाली, "फुल करो. पन एक बात. ठिपकेवाला चमडा मेरेकू वापस होना. दोनों बाजू का."

डॉक्टरबाई गोंधळल्या. असं आजवर कुणी मागितलं नव्हतं. कापलेलं कातडं कचऱ्यात जातं, त्याचे नियम असतात, वगैरे त्यांनी सांगितलं. बाणूबाईनं शांतपणे विचारलं, कातडं कुणाचं? गोंदण कुणाचं? मग तो कचरा हे कुणी ठरवायचं? डॉक्टरबाई शेवटी म्हणाल्या, बाटलीत घालून देईन.

मग कागद आला. पेशंटची सही झाली. साक्षरता मोहिमेत शिकलेली, एकेक अक्षर उभं करणारी सही. खाली नातेवाइकाची पाहिजे होती. रविकुमारनं पेन टेबलावर ठेवलं. "धाग्याचं असल तर करतो. हे मी करणार न्हाई."

"नगं करू," बाणूबाई म्हणाली आणि जिन्यात जाऊन खाली हाक मारली, "ओ! वर या जरा, अंगठा लावायचाय!"

तुळजाराम वर आला. कागदावर काय लिहिलंय ते त्यानं विचारलं नाही. धागा, मिनी, फुल यातलं काहीच त्याला कळलं नसतं. त्यानं डॉक्टरबाईंना एवढंच विचारलं, "शुद्धीवर येईल न्हवं?" रविकुमारनं खाली मान घालून त्याचं हिंदी करून सांगितलं. डॉक्टरबाई हो म्हणाल्या, आणि तुळजारामनं अंगठा उठवला.

डॉक्टरबाईंनी एकच अट घातली, तंबाखू बंद. आधी महिनाभर आणि नंतरही, नाहीतर चीर भरत नाही, कातडं काळं पडतं. बाणूबाई सुरीला घाबरली नव्हती, पण तंबाखूनं तिला रडकुंडीला आणलं. पहिल्या आठवड्यात तिनं घरातल्या प्रत्येकाशी भांडण काढलं, मेंढरांशीसुद्धा. पण चिमूट तोंडात गेली नाही. फेब्रुवारीच्या शेवटी ऑपरेशन झालं. दहा दिवस डोक्याला पट्टी, तोंड भोपळ्याएवढं, डोळे काळेनिळे. रविकुमार रोज डबा घेऊन यायचा, बोलायचा नाही. आठव्या दिवशी त्यानं न सांगता पेज चमच्यानं भरवली, आणि तेवढ्यावर दोघांचं मिटलं.

मार्चअखेर सूज उतरली. गाल जागेवर आले होते. हनुवटीची कड पुन्हा दिसायला लागली होती. ओठांची टोकं अगदी वर नव्हती, पण खालीही नव्हती. कपाळाच्या आठ्या, डोळ्यांखालच्या रेषा जशाच्या तशा होत्या. बावन्न वर्षांचीच बाई, पण रडत नसलेली.

संतपूरला जायच्या आधी ती एकटी माहेरी गेली, औरादच्या पलीकडं. त्यांच्यात पुरतात. आई तिथं बांधाकडेला, बाभळीखाली होती. बाणूबाईनं हातभर खोल खड्डा केला, बाटलीतले दोन तुकडे फडक्यात घेतले आणि आईच्या उशाशी ठेवले. बोटाच्या पेराएवढं कातडं, त्यावर पाच-पाच ठिपके, अजून हिरवे. तिला वाटलं होतं आपण आईला काहीतरी बोलू, माफी मागू. पण माफी मागण्यासारखं तिला काही सापडलं नाही. "हे तुझं," ती म्हणाली. "मी सात वर्षांची व्हते, मला कुणी इचारलं न्हवतं. आता इचारलं, मी सांगितलं." मग माती ओढली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही.

गावात आल्यावर बघायला जत्रा लोटली. बायका कानामागची चीर बघून जायच्या, कुणी बोट लावून बघायची. बाणूबाई केस वर करून दाखवायची, तीन प्रकार समजावून सांगायची. भागम्मा मात्र लांबूनच बघून म्हणाली, "दिसायलीस बरी. पण गेलं न्हवं गोंदण? आता वर गेल्यावर काय दाखवशील?"

"ते मी पुढं पाठवून दिलंय," बाणूबाई म्हणाली. "आईपाशी हाय. गेले की घेते."



मे महिन्यात हुलसूरला लग्न लागलं. बँड लावून वरमायेला मांडवात नेलं, पाय धुतले, मानाची साडी दिली. सगळं जसं व्हायचं तसं झालं, आणि बाणूबाईनं ते जसं घ्यायचं तसं घेतलं. तिनं मुद्दाम अंबाडा उंच बांधला होता. कानामागच्या रेषा अजून गुलाबी होत्या. ज्याला बघायच्या त्यानं बघाव्यात.

संध्याकाळी मुलगी निघाली. जीप दारात लागली आणि हुलसूरकरांनी रडायला सुरुवात केली. कमलबाई तर उभीच राहीना. मावश्या, आत्या, शेजारणी, एकीचं बघून दुसरी. रिवाजच तसा. अशा वेळी वरपक्षाच्या बायकांनीही दोन टिपं काढायची असतात. भागम्मानं डोळ्याला पदर लावला होताच. तिनं बाणूबाईला कोपरानं ढोसलं. "रड की गं थोडं. लोक बघायलेत. म्हणतील, तोंड शिवून आणलं, आता पाणी बी येईना."

बाणूबाईनं आजूबाजूला पाहिलं. खरंच सगळे बघत होते.

"लोकांच्या मतानं मी लई वर्षं रडायलेय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "माझ्या वाटणीचं झालं रडून. आज माझ्या घरी सून यायलीय. मी न्हाई रडत."

कुणीतरी हुंदका अर्ध्यात थांबवला. कमलबाई पदराआडून बघायला लागली. मनीषा जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होती, डोळे सुजलेले, मुंडावळ्या तोंडावर आलेल्या. मागून एक चुलती तिला सांगत होती, अगं रड ना, गप कशी झालीस, बरं दिसत नाही. आणि पुढून रविकुमारचा मित्र म्हणत होता, वहिनी, हसा, फोटो काढायचाय.

बाणूबाईनं दोघांनाही हातानं बाजूला केलं. मनीषाच्या मुंडावळ्या सरळ केल्या.

"रडायचं तर रड, हसायचं तर हस," ती म्हणाली. "कुणी सांगायलंय म्हणून करू नगंस. तोंड तुझं हाय."

मनीषानं पदरानं नाक पुसलं. जीपमध्ये नवरीसाठी मधली जागा राखली होती, तिकडं तिनं एकदा बघितलं.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "मी खिडकीपाशी बसू?"